माहेरवाशिणींची फेरी

माझं लग्न मोटारीच्या भरवशावर झालं. असं म्हटलं की घरातली मुलं हसतात, पण त्यात थट्टेचं काही नाही.

जव्हारात आमचं घर बाजारपेठेच्या टोकाला होतं. वडील संस्थानच्या कचेरीत कारकून. मी एकुलती मुलगी, मराठी सातवीपर्यंत शिकलेली, आणि घरकामापेक्षा पुस्तकात जास्त रमणारी. खोडाळ्याचं स्थळ आलं तेव्हा आईचं मन घेईना. खोडाळा म्हणजे मोखाड्याच्याही पलीकडे. तिच्या लहानपणी त्या बाजूला दिलेली मुलगी घाट उतरून गेली की वर्षानुवर्षं दिसत नसे, तिची खुशाली बाजाराला येणाऱ्या माणसांकडून कळायची. आई म्हणाली, घर चांगलं असेल, पण इतक्या लांब मी देणार नाही.

मुलगी बघायला माझे सासरे स्वतः आले होते. खोडाळ्याच्या बाजारात त्यांचं वाणसामानाचं दुकान. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकच मुलगा, तो नाशिकला अडतीच्या दुकानात कामाला. घरात बाईमाणूस नाही, हेही आईला खटकत होतं. त्यांनी मला स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. कोनाड्यातल्या पुस्तकांकडे बघून यातली कोणती वाचलीस असं विचारलं. मी सगळी म्हणाले. ते हसले, आणि मग आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, मोटार तुमच्या दारातून निघते आणि आमच्या दारात थांबते. सकाळी बसलेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. लेक लांब दिली असं समजूच नका. हा माझा शब्द."

ते खरंच होतं. जव्हारची सर्व्हिस मोटार आमच्या घरासमोरच्या वडाखाली उभी राहायची आणि खोडाळ्याला त्यांच्या दुकानाच्या ओट्याशी थांबायची. तिकडची सगळी व्यवस्था तेच बघत. मोटारीचा मालक जव्हारातला. आईने दोन दिवस विचार केला आणि होकार दिला.

मोटार म्हणजे लॉरीच्या सांगाड्यावर लाकडी खोका चढवलेला. आत फळ्यांची बाकं, टपावर पोती, कोंबड्यांच्या डालग्या, नागलीची ओझी. चढणीला माणसं उतरून चालायची आणि वर गेली की पुन्हा बसायची. ड्रायव्हरने स्वतःच्या खर्चाने एक रबरी भोंगा बसवला होता. त्याचा आवाज फाटका होता, दोनदा तोकडा आणि एकदा लांब. तो दोन डोंगरांपलीकडून ओळखू यायचा. शाळेत असताना मास्तर शिकवत असले तरी आमची मान त्या आवाजाकडे वळायची.

सासरी आल्यावर मला कळलं की ती मोटार खोडाळ्यात किती खोल रुजली होती. जव्हारहून हद्दीच्या नाक्यापर्यंतचा रस्ता संस्थानचा, खडी घातलेला. नाका ओलांडला की हद्द संपायची, आणि पुढचा रस्ता कुणाचाच नव्हता, म्हणजे पाड्यांचा होता. पावसाळ्यात ओहोळ त्याचे लचके तोडायचे. ज्येष्ठात मोटार बंद व्हायची, दुरुस्तीला नाशिकला जायची आणि दिवाळी झाली की परत यायची. मधल्या काळात, दसऱ्यानंतर, वाटेवरचे पाडे तो रस्ता बांधून काढत. प्रत्येक पाड्याचा वाटा ठरलेला. मोठ्या आंब्यापासून ओहोळापर्यंत एका पाड्याचा, ओहोळापासून वाघोबाच्या दगडापर्यंत दुसऱ्याचा. मजुरी कुणी मागत नसे. त्याच्या बदल्यात मोटारीची पहिली फेरी माहेरवाशिणींची असायची. त्या दिवशी जाताना आणि येताना लेकीबाळींना भाडं नाही. पाड्यावरच्या, गावातल्या, दुकानदारांच्या, सगळ्यांच्या लेकी त्या एका मोटारीत.

हा ठराव माझ्या सासऱ्यांनी पहिल्या वर्षी घडवून आणला होता. मालकाशी ते बोलले, पाड्यांशीही तेच बोलले. कागद झाला नाही. त्यांनी सांगितलं, एवढं पुरलं. रस्त्याचं काम सुरू करायचं तेही त्यांच्याच दारातून. घरच्या सुनेने कुदळीला हळदकुंकू लावायचं आणि मग लोकांनी ती उचलायची. घरात बाई नव्हती तोवर शेजारची कुणीतरी लावायची. मी आले तेव्हा तो मान माझ्याकडे आला.

लग्नानंतरची पहिली दिवाळी झाली आणि मी त्या फेरीने माहेरी गेले. बायका एकमेकींच्या मांडीवर बसल्या होत्या. कुणी नव्या भाताच्या लोंब्या मोटारीच्या तोंडाला बांधल्या होत्या, कुणी झेंडूची माळ. आमच्या शेजारच्या पाड्याची सुईण, जिला सगळे आजी म्हणत, ती ड्रायव्हरच्या मागे बसून वाटभर त्याला सांगत होती की सावकाश चालव, आत सगळी दुसऱ्यांची लेकरं आहेत. तिची स्वतःची लेक जव्हारकडच्या साखरशेतला दिलेली. वडाखाली मोटार थांबली तेव्हा आई ओट्यावर उभी होती. मोटार घाटात असतानाच तिने भोंगा ऐकला होता. मला काही न विचारता तिने सांगितलं, भात अजून वाफाळता आहे, आधी जेव.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. त्यांच्याविषयी मला काय वाटायचं ते इथे लिहिलं नाही तर पुढचं कळणार नाही. नवरा सणावारी यायचा. वर्षातले उरलेले दिवस त्या घरात मामंजी आणि मी. त्यांनी मला कधी एकटं वाटू दिलं नाही. जव्हारच्या वाचनालयातून ते माझ्यासाठी दर आठवड्याला एक पुस्तक मोटारीने मागवत. ड्रायव्हर ते आपल्या सीटखाली ठेवून आणायचा आणि माझ्या हातात देताना कपाळाला लावायचा. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मामंजी विचारायचे, मग काय झालं पुढे? मी गोष्ट सांगायची. ते तराजू पुसत ऐकायचे आणि मधेच एखाद्या पात्रावर चिडायचे. माझ्या वडिलांनीही माझं वाचलेलं इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण त्या उन्हाळ्यात आईलाच दम लागू लागला, पाय सुजले. तिला उठबस करवेना, तर माझं कोण करणार? मग खोडाळ्यालाच राहायचं ठरलं. भर श्रावणात, ओहोळ दोन्ही बाजूंनी भरलेले असताना, पाड्यावरच्या आजीने माझी सुटका केली. मुलगी झाली. आजी तिला उताणी धरून म्हणाली, "ही माझीच. तुमी फक्त दूध पाजा."

पावसातून टपाल घेऊन हरकारा यायचा. वडिलांनी लिहिलं होतं की आईचं बरं नाही. दवाखान्यातले डॉक्टर फार बोलत नाहीत. तिला नातीला बघायचंय, तेवढंच ती धरून बसली आहे. मोटार सुरू झाली की पहिल्याच फेरीला ये.

पहिल्याच फेरीला. जव्हारात वडील हेच म्हणत होते, खोडाळ्यात मीही. तेव्हाच का निघाले नाही, असं आजची माणसं विचारतील. मोटार आली त्या वर्षी मामंजींनी बैलजोडी विकून टाकली होती. खोडाळ्यात बहुतेकांनी विकली. आमच्या छकड्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. डोंगरातून जाणारी जुनी जवळची वाट होती, तिच्यावरून कुणी चालेना म्हणून करवंदीच्या जाळ्यांनी ती गिळली होती. आणि मी ओली बाळंतीण. शिवाय मोटार दरवर्षी जायची आणि दरवर्षी यायची. ऋतूसारखी ती परत येणार, यात शंका घ्यावी असं कुणाच्या मनातच आलं नाही.

दसरा झाला. मामंजींनी पाड्यांना बोलावलं. मुलीला पदराखाली घेऊन मी कुदळीला हळदकुंकू लावलं. त्या वर्षी मला घरात बसवेना. रस्ता जितक्या लवकर होईल तितकी मी आईजवळ लवकर जाईन, असा माझा हिशेब. मुलीला आजीच्या सुनेकडे देऊन मी दगडांची पाटी उचलली. आमच्या घरच्या बायकांनी असलं काम कधी केलेलं नव्हतं. आजी कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"शेटाची सून पाटी उचलते," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आता मोटार धावतच येल, बघा."

मामंजी छत्री घेऊन कडेला उभे होते. त्यांनी मला पुरे म्हणून सांगितलं, अंग कच्चं आहे म्हणाले. मी ऐकलं नाही. त्या वर्षी ते स्वतः काम जास्त कसून करून घेत होते. ओहोळात मोठे दगड बसवायला लावले, वाघोबाच्या वळणावरची दरड फोडून वळण रुंद केलं. एक गडी कपाळ पुसत म्हणाला, "शेट, मोटार जाडी झाली का काय औंदा?" सगळे हसले. मामंजीही हसले. मला ते हसणं अजून आठवतं, कारण त्यात काहीच वेगळं नव्हतं.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली. पहिल्या फेरीच्या दिवशी सकाळपासून दुकानासमोर बायका जमल्या. काहीजणी घरून अंधारातच निघालेल्या. डोक्याला तेल, अंगावर धुतलेली लुगडी, गाठोड्यात माहेरी न्यायचे वाल, नव्या तांदळाच्या पुरचुंड्या. आजी लेकीकडे निघाली होती. तिच्या हातात झेंडूची माळ. माझ्या ट्रंकेत मुलीची झबली आणि आईसाठी शिवलेली मऊ गोधडी. मामंजी त्या दिवशी सकाळीच मोखाड्याला कामाला जातो म्हणून निघून गेले होते.

ऊन चढल्यावर भोंगा ऐकू आला. दोनदा तोकडा, एकदा लांब. बायका उठल्या, एकमेकींचे पदर सारखे केले. मुलगी झोपली होती, मी तिला तशीच उचलली. आवाज वळणावर आला, आणि धुळीतून जी बाहेर आली ती आमची मोटार नव्हती. उघडी, लांब, बाकं नसलेली लॉरी होती. मागे साखळदंड आणि दोरखंड. पण सुकाणूवर आमचाच ड्रायव्हर, आणि भोंगाही त्याचाच. शेजारी मुकादम बसला होता, जंगलाच्या ठेकेदाराचा.

ड्रायव्हरने लॉरी ओट्याशी थांबवली. सवयीने थांबवली असणार. मग समोरच्या बायका पाहून त्याने मान खाली घातली.

आजी माळ हातात घेऊन पुढे गेली. "आमची मोटार कुठं हाय?"

"विकली, आजी."

"कवा?"

"श्रावणात. नाशिकलाच गेली ती."

"मंग आमी रस्ता कोणासाठी बांधला?"

 मुकादमाने उत्तर दिलं की रस्ता सागाच्या ओंडक्यांसाठी चांगलाच झाला आहे, आणि उशीर होतोय. ड्रायव्हर उतरून माझ्याकडे पाणी मागायला आला. तांब्या हातात घेऊन तो पाणी न पिता उभा राहिला. "वहिनी," तो हळू म्हणाला, "मला वाटलं शेटनी सांगितलं असेल. मालकांनी माझ्यासमोरच त्यांना निरोप धाडला होता. मोटार येणार नाही, ठेकेदाराच्या लॉऱ्या येणार, रस्ता तेवढा करून ठेवा म्हणून."

लॉरी जंगलाकडे गेली. बायका बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मग एकेकजण गाठोडं डोक्यावर चढवून निघाली. कुणी शिव्या दिल्या नाहीत. आजीने ती माळ आमच्या ओट्यावर ठेवली, दुकानाच्या बंद फळ्यांपुढे.

मामंजी दुसऱ्या दिवशी दुपारी आले. मी दुकानात गेले तेव्हा ते डाळीचं पोतं शिवत होते. ते पोतं जंगलातल्या ठेकेदाराच्या तळावर जायचं होतं. तळाला धान्य पुरवायचं काम त्यांना मिळालं होतं, तेही मला तेव्हाच कळलं.

"मामंजी, तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी सुई थांबवली. "होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर रस्ता कोणी बांधला असता?" ते रागावले नव्हते. एखादी साधी गोष्ट समजावून सांगावी तसं बोलत होते. "आणि रस्ताच राहिला नाही तर उद्या दुसरी मोटार कशावरून येईल? मोटार नाही तर लॉरी, चाक फिरतं राहिलं पाहिजे सूनबाई. तुला पुढे पटेल."

"माझी आई वाट बघतेय."

"ते मी विसरलोय का? मुकादमाला सांगून तुला लॉरीत बसवून देतो. हा माझा शब्द."

हाच शब्द त्यांनी माझ्या आईला दिला होता. तरीही मी थांबले. दुसरं काय करणार होते? मुकादम आज म्हणाला ओंडके जास्त भरलेत, उद्या बघू. उद्या म्हणाला ठेकेदाराची सक्त मनाई आहे, माणसं घ्यायची नाहीत, बाई तर नाहीच. परवा तो थांबलाच नाही. रोज भोंगा वाजायचा, रोज मी मुलीला कपडे चढवून ओट्यावर यायची, आणि रोज लॉरी मी पाटी टाकलेल्या रस्त्यावरून निघून जायची. मामंजी प्रत्येक वेळी म्हणायचे, उद्या नक्की. त्यांनी मुकादमाकडे खरंच रदबदली केली असेल. केली नसेल. मला कधी कळलं नाही.

शेवटी आजीच आली. दारातून आत न येता म्हणाली, "चालत जाऊ. पोर मी घेते."

मी मामंजींची परवानगी मागितली नाही. फक्त जाते म्हटलं. ते गादीवर बसले होते. त्यांनी आत जाऊन नागलीच्या भाकरी एका फडक्यात बांधून आणून दिल्या. स्वतः बांधल्या होत्या, गाठ सैल होती.

आजीने मुलीला झोळीत पाठीशी बांधलं. मी ट्रंक घरीच ठेवून गोधडी तेवढी घेतली. रस्ता मऊ आणि सपाट होता. आम्ही बसवलेले दगड एकमेकांत चांगले बसले होते. लॉरी आली की आम्ही कडेच्या गवतात उतरायचो, मुलीच्या तोंडावर पदर धरायचो, धूळ बसेपर्यंत थांबायचो. ड्रायव्हर एकदा आमच्याजवळ येताना हळू झाला. मुकादमाने त्याच्या दंडाला हात लावला, तसा तो पुढे गेला. आजी म्हणाली, "त्याला नका दोष देऊ. त्याला पण पोरं हायत." मी म्हटलं, मी कुणालाच देत नाही. ते खरं नव्हतं.

मोखाड्याला वडिलांच्या ओळखीच्या एका घरी रात्र काढली आणि उजाडल्यावर पुन्हा निघालो. माझे पाय सुजले होते, दूध कमी झालं होतं, मुलगी कुरकुरत होती. आजी तिच्याशी सारखी बोलत होती, घाटातल्या झाडांची नावं सांगत होती, जणू ती लक्षात ठेवणार होती.

हद्दीच्या नाक्याजवळ समोरून एक माणूस चालत येताना दिसला. तेवढ्यात मागून लॉरी आली. आम्ही एका कडेला झालो, तो दुसऱ्या. ओंडके खडखडत मधून गेले आणि सगळीकडे पिवळी धूळ झाली. धूळ बसली तेव्हा तो तिथेच उभा होता. वडिलांच्या कचेरीतला पट्टेवाला. मला लहानपणी खांद्यावर बसवून दसऱ्याची मिरवणूक दाखवणारा. तो माझ्याकडेच निघाला होता, निरोप घेऊन. त्याने मला ओळखलं, झोळीतल्या मुलीला पाहिलं, आणि डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला.

त्याला काही सांगावं लागलं नाही. आजीने मुलीला सोडवून माझ्या हातात दिलं आणि मला रस्त्याच्या कडेला बसवलं.

जव्हारला पोचले तेव्हा घरात दिवा एका कोपऱ्यात ठेवलेला होता. आईची खाट पुढच्या खोलीत होती, खिडकीला लागून. ती तर आतल्या खोलीत झोपायची. मी विचारलं. वडील पंच्याची घडी घालत होते, मोडत होते. मग म्हणाले, "दिवाळीनंतर भोंगा वाजायला लागला ना. तिने खाट इथे आणायला लावली. आम्हाला माहीत होतं लॉरी आहे ती. तिला सांगितलंही. पण भोंगा तोच. तो ऐकला की ती म्हणायची मला बसतं करा. पदर सारखा करायची. लॉरी निघून गेली की म्हणायची, आज नाही आली, उद्या येईल."

मी रोज खोडाळ्याच्या ओट्यावर मुलीला कपडे चढवत होते, आणि ती इथे त्याच आवाजाला पदर सारखा करत होती. तेव्हा मला रडता आलं नाही. अजूनही ते वाक्य मी एका दमात लिहू शकले नाही, दोनदा उठले.

मुलीला मी आईच्या खाटेवर नेऊन ठेवलं. गोधडीही तिथेच ठेवली.

महिनाभराने नवरा आला आणि मला परत घेऊन गेला. आम्ही चालतच गेलो. त्या हिवाळ्यात खोडाळ्यातून हळूहळू काय काय कमी होत गेलं ते एकदम कुणाच्या लक्षात आलं नाही. सोमवारी जव्हारहून येणारे मास्तर आधी पंधरा दिवसांनी येऊ लागले आणि मग यायचेच बंद झाले. तापाने फणफणलेली माणसं दवाखान्यात न्यायला कुणी निघेना, लोक भगताकडेच थांबले. बाजारात मीठ आणि काडेपेटी सांभाळून विकली जाऊ लागली. साखरशेतची आजीची लेक त्या वर्षी आली नाही. आणि ठेकेदाराच्या लॉऱ्या मात्र दिवसातून अनेकदा जात होत्या, दोन्ही बाजूंनी, आमच्या दारावरून.

मामंजींशी मी पूर्वीसारखीच वागत होते. वेळेवर ताट वाढत होते. त्यांनी माझ्या आईबद्दल एकदा काही म्हणायचा प्रयत्न केला, मी पाण्याचा तांब्या आणायला आत गेले. दुपारी ते तराजू पुसत बसायचे. पुस्तकं आता येत नव्हती, तर पुढे काय झालं हे विचारायलाही काही नव्हतं.

पुन्हा पावसाळा गेला, पुन्हा दसरा आला. मामंजींनी पाड्यांना निरोप पाठवला. मला वाटलं होतं कुणी येणार नाही. पण आले. कमी आले, तरी आले. अंगणात कुदळी आणि घमेली टेकवून बसले. आजीही आली होती. ती ओट्याच्या पायरीवर बसली, मागच्या वर्षी जिथे तिने माळ ठेवली होती त्याच्या जवळ. मामंजी म्हणाले की लॉऱ्या आहेत म्हणूनच मालक पुन्हा मोटारीचा विचार करतोय, रस्ता नीट राहिला तर पुढच्या वर्षी नक्की. मग दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, "सूनबाई, हळदकुंकू आण."

मी बाहेर आले. कडेवर मुलगी होती, हातात तबक नव्हतं. मी सगळ्यांसमोर कधी बोलले नव्हते. लग्नानंतर तर अंगणातल्या पुरुषांसमोर आवाजसुद्धा काढला नव्हता.

"मामंजी, मोटार येणार आहे का?"

 ते माझ्याकडे बघत राहिले. ते एक शब्द बोलले असते तर लोकांनी कुदळी उचलल्या असत्या, हे त्यांना माहीत होतं, मलाही. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. ते बोलले नाहीत.

आजी गुडघ्यावर हात टेकून उठली. "चला," ती म्हणाली, "भात कापायचाय." लोकांनी कुदळी खांद्यावर टाकल्या आणि एकेक करून निघाले. जाताना सवयीने मामंजींना रामराम केला. त्यांनीही केला.

रस्ता त्या वर्षी पाड्यांनी बांधला नाही, आणि नंतर कधीच बांधला नाही. ठेकेदाराने थोडे दिवस मजूर लावले, मग साग संपला तशा लॉऱ्या दुसऱ्या जंगलाकडे गेल्या. ओहोळाने आम्ही बसवलेले दगड एकेक करून नेले. भोंगाही ऐकू येईनासा झाला.

त्या दसऱ्यानंतरच्या बाजारच्या दिवशी मामंजी पहाटे कुठेतरी गेले ते संध्याकाळी परत आले, पाय धुळीने भरलेले. ते मोखाड्यापर्यंत चालत जाऊन आले होते. त्यांनी माझ्यासमोर एक पुस्तक ठेवलं. तिथल्या शाळेच्या कपाटातलं असावं, पुठ्ठा निघालेला. 

ते पुस्तक मी वाचलं. चांगलं होतं. त्यानंतरही ते अधूनमधून चालत जाऊन एखादं आणत राहिले, शेवटी डोळे गेले तोपर्यंत. मी प्रत्येक पुस्तक वाचलं, आणि वाचून झालं की त्यांच्या गादीजवळ परत ठेवलं. दुपारी ते तराजू पुसत बसायचे. पुढे काय झालं ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.